मागच्या काचेचं पाणी

माझं डोकं लवकर फिरतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. सासूबाईंवर मात्र मी कधी आवाज चढवला नव्हता, आणि याचा मला जरा माजच होता. हल्ली त्यांना विसरायला होतं. गॅस चालू राहतो, किल्ली सापडत नाही. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या बाईला त्याची फार धास्ती आहे. म्हणून आम्ही सगळे त्यांच्याशी जपूनच बोलतो.

परवाच्या रविवारी माझा माज उतरला. गाडीच्या मागच्या काचेवर पाणी येईना. पुढे व्यवस्थित उडायचं, मागे नुसती मोटर घुरघुरायची आणि वायपर कोरड्या काचेवर धूळ फासत बसायचा. खराडीला ऑफिसला जाताना मागचं काही धड दिसत नव्हतं. शेवटी सुई घेऊन मी पार्किंगमध्ये उतरले. सासूबाईही सोबत म्हणून आल्या.

काचेच्या वर, जिथून पाणी येतं त्या बारीक भोकाशी लाल डाग दिसला. दसऱ्याला गाडीची पूजा त्यांनीच केली होती. पुढे हार, चाकाखाली लिंबू, डिकीवर स्वस्तिक. आणि वर हा टिळा.

"आई, हे काय गाडीचं कपाळ वाटलं का तुम्हाला?" मी म्हणाले. "भोक दिसलं की कुंकू कोंबायचं? गाडी आहे ती, देव्हारा नाही."

तळमजल्यावरच्या वहिनी कुंड्यांना पाणी घालत होत्या, त्या हसल्या. त्यांच्या हसण्याने मला आणखीच चेव आला. आपण काय करतोय ते जरा कळायला नको का, असंही मी बोलून गेले.

"तू एकटी जातेस ना एवढ्या लांब," सासूबाई हळूच म्हणाल्या. "मागून कोण येऊन आदळेल, सांगता येतं का. म्हणून लावलं गं." आणि त्या वर निघून गेल्या.

मी सुई घातली. आतून निघाली ती माती. कुंभारीण माशी भिंतीच्या कोपऱ्यात घर करते ना, तसली वाळून टणक झालेली, आणि तिच्यात एक मेलेली अळी. माती बोटांवर चोळून पाहिली. लाल रंगाचा मागमूस नव्हता. कुंकू आपलं बाहेरच्या बाहेर, कडेला लागलेलं होतं. बटण दाबलं तर धार सरळ काचेवर आली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर जाऊन त्यांचे पाय धरावेत असं वाटत होतं, तेवढ्यात त्याच खाली आल्या. हातात ओलं फडकं होतं. माझ्याकडे न बघता त्या डिकीवरचं स्वस्तिक पुसायला लागल्या.

"आलं का पाणी?"

"आलं."

"कुंकूच अडकलं होतं ना?"

माती अजून माझ्या तळहातावर होती. वहिनी झारी तशीच धरून ऐकत होत्या. त्यांच्यासमोर आपली चूक कबूल करायला जीभ रेटेना.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी फडकं उलटं केलं आणि उरलेला लाल रंग नीट पुसून काढला. "पुढच्या वर्षी पूजा तूच कर," त्या म्हणाल्या. "मला आताशा खरंच काही कळेनासं झालंय."

मी तळहातावरची माती मुठीत मिटून घेतली.