हिमाचलच्या कागदावरची सही

"पगार नका सांगू. हातात किती येतं ते बोला," असं म्हणून तो उजवा तळहात समोर पसरायचा. समोर साहेब असो की शिपाई, तळहात तेवढाच पसरलेला. एकदा आमच्या साहेबांनी नव्या जावयाचा पगार जरा मोठ्यानेच सांगितला. यानं पुण्याचं घरभाडं, पेट्रोल, प्रोफेशनल टॅक्स असं एकेक वजा करत तो जावई आमच्या पंगतीला आणून बसवला. साहेब हसले. मी तसं बोललो असतो तर मला मेमो मिळाला असता.

तर मी त्याच्यावर जळायचो, हे आधीच सांगून टाकतो. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, ज्याचं सगळे कौतुक करतात आणि तुम्हीही मान डोलावता. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात आम्ही एकाच महिन्यात लागलो, दोघंही बी.कॉम., दोघंही कॉस्टिंगमध्ये. बनवलेली वस्तू कारखान्याला नक्की कितीला पडते ते काढायचं, हे आमचं काम. आम्ही एकमेकांना अहो-जाहो करायचो, पण मनात मी त्याला कायम एकेरीत ठेवला. इथेही तसाच ठेवतो.

कितीला पडतं, हे त्याचं वेड ऑफिसपुरतं नव्हतं. एका सहकाऱ्यानं टॅक्स वाचतो म्हणून सुरतेहून टीव्ही आणला. यानं जाण्यायेण्याचं भाडं, दोन वेळचं जेवण, बुडालेली रजा आणि नाक्यावरची जकात मांडून दाखवली. तोच टीव्ही रविवार कारंजावर नव्वद रुपयांनी स्वस्त पडला असता. तो सहकारी आठ दिवस याच्याशी बोलला नाही, पण पुढे मिक्सर घ्यायला जाताना यालाच सोबत घेऊन गेला.

निफाडजवळ त्याचं गाव. तिथून वर्षाचा गहू यायचा, बाजरी यायची, कांद्याच्या गोण्या यायच्या. फेब्रुवारीत तो ऑफिसात सगळ्यांना द्राक्षं वाटायचा. "घरचीच हायत, घ्या." मला गाव नाही. माझे आजोबासुद्धा भाड्याच्या खोलीत राहिले. मी महिन्याचा गहू दुकानातून आणायचो आणि पिशवी खाली ठेवत बायकोला म्हणायचो, "त्याचं काय, त्याला घरचं येतं." ऑफिसातही हे वाक्य मीच रुजवलं. त्याची द्राक्षं मात्र मी सगळ्यांत जास्त खाल्ली असतील.

दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. हिमाचलमध्ये नव्या कारखान्यांना करात मोठी सूट होती, म्हणून कंपनीनं तिकडे शाखा काढली. इथून जाणाऱ्यांना पगार जवळजवळ पावपट जास्त. कॅन्टीनमध्ये दुसरा विषयच राहिला नाही. अर्धे लोक मनातल्या मनात बर्फात उभे राहून फोटो काढत होते.

यानं कागद घेतला, मधे रेघ मारली, एका बाजूला नाशिक लिहिलं, दुसऱ्या बाजूला हिमाचल. मग जेवणाच्या सुट्टीत त्याच्यापुढे रांगच लागली. तिकडचं घरभाडं किती, वर्षातून एकदा घरी यायचं तर दिल्लीला गाडी बदलून चौघांचं तिकीट किती, स्वेटर किती लागतील, प्रोफेशनल टॅक्स तिकडे नाही त्याचे किती वाचतील. सगळ्यात शेवटी तो एक प्रश्न विचारायचा, जो आमच्यापैकी कुणाला सुचला नव्हता.

"गावाकडून काय येतं?"

"येतात गहू, कांदे," सिन्नरकडचा एक फिटर म्हणाला. "ते घरचंच हाय. त्याचं काय धरायचं?"

"घरचं म्हंजे फुकट नाय. तो बी पगारच हाय, फक्त त्याच्यावर टॅक्स नाय. तिकडं कोन आणून देनार तुम्हाला?"

ती ओळ मांडली की हिमाचल तोट्यात जायचं. फिटरनं कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि साहेबांना नाही म्हणून सांगितलं. असे चारपाच जण तरी त्या एका ओळीमुळे थांबले.

कॉस्टिंगमधून एकच माणूस जायचा होता. साहेबांनी त्याला विचारलं, मला नाही. माझ्या पोटात दुखलं ते मी कुणाला दाखवलं नाही. पण एक होतं. तो गेला तर इथली सिनियरची खुर्ची माझी होती.

आमच्या विभागात कुठलाही हिशेब दुसऱ्याच्या सहीशिवाय पुढे जात नसे. एकानं मांडायचा, दुसऱ्यानं ओळन्‌ ओळ बघून खाली 'तपासले' लिहून सही करायची. शनिवारी दुपारी त्यानं स्वतःचा कागद माझ्यापुढे ठेवला.

"भाऊ, हे बघा जरा. सोमवारी साहेबांना सांगायचंय. सही तुमचीच पायजे."

मी वाचला. भाडं, शाळेची फी, तिकिटं, स्वेटर, सगळं नीट. खाली हिमाचलच्या बाजूला महिन्याला साडेआठशे रुपये जास्त शिल्लक. आणि गावाकडची ओळ नव्हती.

मी दोनदा बघितलं. नव्हतीच. सगळ्या कारखान्याला जी ओळ यानं शिकवली, तीच हा स्वतः विसरला होता. त्या गहू-बाजरीची किंमत मला तोंडपाठ होती, कारण जळताना मी ती कितीदा तरी काढली होती. महिन्याला हजाराच्या खाली नव्हती. ओळ घातली तर तो तोट्यात, आणि इथेच. न घातली तर तो जाणार, तिकडे गहू विकत घेताना डोळे उघडणार, आणि खुर्ची माझी.

मी 'तपासले' लिहिलं आणि सही केली. हात जराही अडखळला नाही.

तो बायको आणि दोन मुली घेऊन गेला. मला खुर्ची मिळाली. मग मी त्याच्या रडगाण्याची वाट बघत बसलो. दिवाळीला फोन आला, "बरं चाललंय, भाऊ." पुढच्या दिवाळीला फ्रिज घेतल्याचं कळलं, त्यापुढे तिकडेच जागा बघत असल्याचं. मी घरी कागद घेऊन त्याचा हिशेब पुन्हा मांडला. बसेना. "खोटं सांगतोय," मी बायकोला म्हणालो. बायको म्हणाली, "तुम्हाला त्याचं एवढं काय पडलंय?"

चार वर्षांनी त्याचा फोन आला. निफाडला हक्कसोड पत्र करायचं होतं, शेतातला स्वतःचा हिस्सा तो भावाला लिहून देणार होता. साक्षीदार म्हणून याल का, असं विचारत होता. द्राक्षाची बाग फुकट सोडणारा माणूस बघायला मिळतोय, म्हणून मी रजा टाकून जीपनं गेलो. माझ्या मनात तेव्हा याहून चांगलं काही नव्हतं.

निबंधकाच्या ऑफिसबाहेर बाकावर बसून मी मसुदा वाचला. सवयच ती. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की वडिलांच्या पश्चात सहा वर्षांपूर्वी भावाभावांत तोंडी वाटणी झाली, तेव्हापासून सर्व शेत व उत्पन्न थोरल्याकडेच आहे.

"सहा चुकून पडलंय का?" मी विचारलं. "तुम्हाला तर जाईपर्यंत सगळं येत होतं."

"नाय, बरोबर हाय. दादा म्हनला, तुला नोकरी हाय, मला हेच. तवापासून दाना नाय आला. आई त्याच्याकडंच असती, मग कशाला भांडायचं."

"आणि द्राक्षं?"

"दोन वर्षं विकत आनली." तो हसला. "तुम्ही सगळे म्हनायचे ना, याला घरचं येतं. मग सांगायची लाज वाटली."

मी मसुद्यात डोळे घालून बसलो. त्याचा तो कागद पै न् पै बरोबर होता. लिहायला ओळच नव्हती. चूक त्यानं केली आहे असं समजून, ती लपवायला सही मी केली होती.

"खरं सांगू का भाऊ," तो म्हणाला, "बायको जायला तयारच नव्हती. दोन दिवस रडली. मग मी तिला तुमची सही दाखवली. म्हनलं, हा लय कडक मानूस हाय, ह्यानं तपासलंय म्हंजे आपलं वाईट व्हायचं नाय. तवा तिनं सामान बांधलं."

एवढ्यात आत बोलावलं. त्यानं अंगठा उमटवला, सही केली आणि दहा मिनिटांत बाग भावाची झाली. मग कारकुनानं कागद माझ्याकडे फिरवला. त्याच रात्रीच्या गाडीनं तो परत गेला, आणि त्यानंतर नाशिकला आला नाही. आता त्याचं घर तिकडेच आहे.

पण त्या दिवशी साक्षीदाराच्या जागी सही करताना माझं पेन दोनदा रेघेबाहेर गेलं. त्यानं ते पाहिलं आणि कागद माझ्यासाठी नीट धरून ठेवला.

"चष्म्याचा नंबर वाढला वाटतं, भाऊ," तो म्हणाला.

मी हो म्हणालो.