माय-लेकीची तिसरी

लेकीला शाळेतून काढलं, असं कुणी म्हणालं की चतुराबाई कंबरेवर हात ठेवून उभीच राहायची. "काढलं न्हाई, संगं आणलंय!"

बहात्तरचा दुष्काळ. शिरूर कासारच्या बाजूला सोसायटीनं गुरांची छावणी उघडली, तशी चतुराबाई आणि तिचा नवरा बंकट म्हशी घेऊन तिथंच राहायला आले. तिसरीतली सारजा मागं कुणापाशी ठेवणार? गुरुजींनी निक्षून सांगितलं होतं, "जूनला परीक्षा घेईन. आलं तर चौथी, न्हाई तर पुन्हा तिसरी." आणि पुन्हा तिसरी म्हणजे शाळा बंद, हे बंकटनं आधीच ठरवून टाकलं होतं.

"मार बसल्याबगर विद्या येत न्हाई," तो म्हणाला. चतुराबाईनं फोक घेतला. पोरगी दिवसभर म्हशीआड दडली, येत होतं तेही विसरली.

शेजारच्या दावणीची भामाबाई म्हणाली, "अगं, लेकराला मोकळं सोड. मन लागंल तवा शिकंल." सोडलं. आठवड्यात सारजा भामाबाईच्या निवडक शिव्या तोंडपाठ म्हणू लागली. झालं शिक्षण!

मग चतुराबाई स्वतःच पुस्तक घेऊन बसली. तिची शाळा दुसरीतच सुटलेली. हातच्याच्या वजाबाकीपाशी गाडं अडलं. खालीवर बघितलं, डोकं खाजवलं, शेवटी म्हणाली, "मला बी येत न्हाई गं बाई."

सारजा टुणकन उठून बसली. "दम, मी सांगते!"

तिथनं पुढं रोजची शर्यत. जी चुकंल तिनं शेण उचलायचं. मायला समजावायचं म्हणून पोरगी आधी स्वतः धडा घोकायची, आणि माय शेण चुकवायला जिवाच्या आकांतानं पाढे म्हणायची. बंकट म्हणायचा, "ह्या दोघी येड्या झाल्या."

जूनला चतुराबाई शाळेच्या दाराशी उभी राहिली. जीव नुसता टांगणीला. सारजानं धडा घडाघडा वाचला, वजाबाकी फटक्यात केली.

"शाबास! चौथीत बस जा," गुरुजी म्हणाले.

पोरगी जागची हलेना. "आन् माय?"

"मायचं काय?"

"तिची बी तिसरी झाली की, गुरुजी. तिचं बी नाव लिवा."

सगळा वर्ग खिदळला. गुरुजीही हसले, पण हसता हसता त्यांनी पाटीवर एक वजाबाकी लिहिली आणि दाराकडं धरली. "बघू बाई."

चतुराबाईला लई लाज वाटली. पण लाजेहून आनंद मोठा होता. तिनं पदर खोचला आणि वर्गात पाय टाकला.