ओल्या अंगणावरचा लॅकर

१० नोव्हेंबर २०२४. बहात्तर कुटुंबे, दोनशे एक्याण्णव माणसे.

लालबाग आणि भायखळा यांच्यामधल्या एका गल्लीत, जुनी चाळ पाडून उभ्या राहिलेल्या अठरा मजली इमारतीत ही माणसे राहतात. त्या रविवारी सकाळी त्यांतले पन्नास-साठ जण पार्किंगमध्ये सभेला बसले होते. प्रश्न फाटकापासून पार्किंगपर्यंत उतरत येणाऱ्या पेव्हर ब्लॉकच्या रस्त्याचा होता. दिवाळीसाठी त्यावर चकाकीचा लॅकर मारून घेतला होता. आठवड्याच्या आत तो पांढरा पडला. दूध सांडून तसेच वाळावे तसे त्याचे रूप झाले होते. पाणी पडले की त्यावर पाय ठरत नव्हता. पहिल्या मजल्यावरच्या डोरोथी परेरा, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, त्यावरूनच घसरल्या आणि उजवे मनगट मोडून बसल्या.

"ठेकेदार हात वर करतो," सेक्रेटरी उन्मेष परुळेकर म्हणाला. "म्हणतो, तुमच्या बायकांनी पाणी ओतलं, मी काय करू? आता सगळे ब्लॉक उखडून काँक्रीट टाकायचं. विषय संपला."

"बायकांनी नाही," मागून आवाज आला. "मी सांगितलं धुवायला. माझं नाव घे."

त्या मालन शिगवण होत्या. वय एकोणसाठ. मूळ गाव संगमेश्वराकडचे. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर त्या पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्या टोळीत लागल्या आणि बावीस वर्षे तिथेच राहिल्या. परळपासून कॉटन ग्रीनपर्यंतच्या कितीतरी पदपथांच्या फटींत त्यांच्या हातची रेती आहे. ब्लॉक बसवणे हे पुरुषाचे काम आणि फटी भरणे हे बाईचे, अशी त्या टोळीतली वाटणी होती. मजुरीही त्याच हिशेबाने मिळे. परंतु रस्ता टिकतो तो फटीतल्या रेतीवर. ती नीट बसली नसेल तर वरचा ब्लॉक कितीही भारी असो, वर्षभरात डुलायला लागतो. हे मालनबाईंना ठाऊक होते. टोळीतल्या पुरुषांनाही ते ठाऊक होते. ते बोलून दाखवत नसत, एवढाच फरक.

चाळीत एक रीत होती. सामायिक अंगणात काही नवे करायचे झाले, मग तो मांडव असो की भिंतीचा रंग, की त्या पहाटे बायका अंगण धुऊन काढत. न धुतलेल्या जमिनीवर शुभकार्य होत नाही, ही समजूत. नव्या इमारतीत आल्यापासून धुवायला अंगणच नव्हते. जो तो आपापल्या दारापुरता. म्हणून वसुबारसेच्या दिवशी लॅकर लागणार हे कळताच मालनबाई पहाटे खाली उतरल्या, बादल्या भरल्या, शेजारची शेवंती आणि आणखी नऊजणींना हाका मारल्या. तासाभरात रस्ता लख्ख झाला. दहा वाजता ठेकेदाराची माणसे आली. वरून कोरडा दिसणाऱ्या ब्लॉकवर त्यांनी लॅकर ओतला. पोटातली ओल पोटातच कोंडली गेली.

"चूक माझी अर्धी," मालनबाई सभेत म्हणाल्या. "लॅकर मला ठाऊक नव्हता. रेतीच माझी. पण ज्याचा तो धंदा, त्याने ओल तपासायला नको? आम्ही रीत पाळली. त्याने काय पाळलं?"

"काकी, ते सगळं खरं," उन्मेष म्हणाला. "पण रस्त्याचं काय?"

"दोन आठवडे दे. रस्ता सरळ करून देते. नाही झाला तर खुशाल काँक्रीट ओत, आणि फलक लाव, मालन शिगवणने वाट लावली म्हणून."

कुणीतरी हसले. उन्मेष हसला नाही. लहानपणी या काकींच्या हातचा मार त्याने खाल्ला होता. सभेने दोन आठवडे दिले.

पणाला काय लागले होते हे मालनबाई जाणून होत्या. काँक्रीट पडले असते तर बायकांच्या अडाणीपणामुळे पडले, असेच पुढे सांगितले गेले असते. सामायिक जागेविषयी ज्या अकराजणींना आपणहून जबाबदारी वाटली, त्यांनी पुन्हा कधी बादली उचलली नसती.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी हिंदमाताजवळच्या ओळखीच्या रंगाच्या दुकानातून थिनर आणला आणि लाकडाच्या वखारीतून पोतेभर भुसा. थिनरमध्ये भिजवलेला भुसा हातभर जागेवर पसरला, वर प्लॅस्टिक झाकले. अर्ध्या तासाने भुसा खरवडला तेव्हा विरघळलेला लॅकर त्यात शोषला गेला होता आणि खाली ब्लॉकचा मूळ विटकरी रंग उघडा पडला होता. शेवंती ओरडली, "अगो बाय! ह्यो तर आपलाच!"

अडचण वेगळीच निघाली. दोन दिवसांनी तुळशीची लग्ने सुरू होणार होती. तुळस रस्त्याच्या कडेलाच; दिवे, फुलबाज्या, कापूर, सगळे तिथेच होणार. आणि थिनर तर ठिणगीची वाट पाहत असतो.

"यंदा लग्न गच्चीवर," मालनबाईंनी जाहीर केले.

"तुळस गच्चीवर न्यायची? कुंडी केवढी आहे ती!"

"लिफ्ट आहे ना? नवरी लिफ्टने जाईल. आपल्यापेक्षा मान मोठा तिचा."

तुळस लिफ्टने गच्चीवर गेली. खाली काम चालूच राहिले: नाकाला फडके, हातांत रबरी मोजे, ऊन चढायच्या आत जेवढे होईल तेवढे, कारण उन्हात थिनर उडून जातो आणि लॅकर पुन्हा धरतो. वापरलेला भुसा झाकणाच्या पिंपात. लॅकर निघाला, पण फटींतली रेती गोठून दगड झाली होती. जुन्या छत्रीच्या काड्या वाकवून बायकांनी ती फटीफटींतून उकरली. मग रस्ता धुतला. आणि या वेळी मालनबाईंनी पाच दिवस त्यावर कोणाला काही करू दिले नाही. रोज दुपारी त्या एका ब्लॉकवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवत. तासाभराने आत दव जमले की म्हणत, "अजून घाम गाळतोय. थांबा." पाचव्या दिवशी प्लॅस्टिक कोरडे निघाले. मग पत्र्यावर वाळवलेली बारीक रेती चाळून फटींत भरली, ठोकली, पुन्हा भरली. पुन्हा लॅकर लावायचा नाही, हा निर्णयही त्यांचाच. चकाकीची गरज रस्त्याला नव्हती, माणसांना होती.

२४ नोव्हेंबरला सगळी माणसे खाली जमली. मालनबाईंनी उतारावर तीन बादल्या पाणी ओतले आणि डोरोथीबाईंकडे पाहिले.

"बाई, चालून दाखवता?"

"मालन, दुसरा हात पण मोडायचाय का माझा?"

"मोडला तर माझा घ्या."

"तुझा घेऊन काय करू? रेतीने खरबरीत झालाय मेला." असे म्हणत डोरोथीबाई निघाल्या. प्लास्टरमधला हात छातीशी, पायात रबरी सपाता. मालनबाई सोबत चालल्या नाहीत, हातही पुढे केला नाही. आपल्या कामावर विश्वास असलेल्या माणसासारख्या त्या बाजूला उभ्या राहिल्या. पाणी फटींतून जिरत होते. डोरोथीबाई फाटकापर्यंत गेल्या, वळल्या, आणि परत येताना मधेच थांबून त्यांनी टाच जोराने आपटून पाहिली.

"पास," त्या म्हणाल्या. शिक्षिकेच्या आवाजात, कौतुक न करता.

मालनबाईंनी पदर खोचला आणि रिकाम्या बादल्या एकात एक घातल्या. बावीस वर्षांत त्यांनी बांधलेल्या रस्त्यावरून हजारो माणसे गेली होती. रस्ता कोणी केला हे ठाऊक असलेले माणूस त्यावरून चालताना त्या प्रथमच पाहत होत्या. उन्मेषने काँक्रीटचा ठराव रद्द झाल्याचे मोठ्याने वाचले. ठेकेदाराला ठरलेली रक्कम दिवाळीपूर्वीच चुकती झाली होती.

अकरा बायकांची मजुरी आणि डोरोथी परेरा यांच्या मनगटाचा खर्च अद्याप कोणी दिलेला नाही.