जिन्याखालची कोठी

आबा, माझे वडील, जाऊन वीस दिवस झाले होते आणि मला काहीच वाटत नव्हतं. रडू आलं नाही, झोप उडाली नाही. सुरतेत गोडादऱ्यातल्या दहावीच्या शिकवण्याही मी चौदाव्या दिवशी सुरू केल्या. लोक म्हणत, खंबीर आहे. कसला खंबीर, नुसता बधिर होतो.

दसऱ्यानंतर आईवडिलांनी गाव सोडून सुरतेला आमच्याकडे राहायला यायचं ठरलं होतं. आता आई एकटीच उरली, आणि तिची एकच अट होती: वर्षाची दादर ज्वारी घरात भरून ठेवता आली पाहिजे. किलोकिलोने विकत आणून घर चालवणं तिला पटतच नाही. लिंबायतच्या आमच्या गल्लीत बहुतेक खानदेशी घरांत धान्याची पत्र्याची कोठी आहे, आमच्याकडे नव्हती. कोठी नसेल तर मी गावीच बरी, असं तिने सरळ सांगून टाकलं. मला तिला तिकडे एकटं ठेवायचं नव्हतं.

जागा एकच होती, जिन्याखाली. चार फूट उंच, दोन फूट रुंद. पत्रेवाल्याने माप मागितलं होतं. आमची खोली बघायला आलेल्या आईसमोर मी वही घेऊन बसलो. पाच माणसं, तीन क्विंटल. क्विंटलला साधारण पाच घनफूट, म्हणजे पंधरा. कोठी गोल, त्रिज्या एक फूट, तळाचं क्षेत्रफळ तीन पूर्णांक चौदा शतांश. घनफळाला तळाने भागलं की उंची. पोरांकडून हे मी कितीदा घोटून घेतलंय. उंची आली पावणेपाच फूट. भागाकार दोनदा तपासला. मग जिन्यावर चिडलो, घरमालकावर चिडलो.

आईने विचारलं, पाच कोण? मी बोटांवर मोजून दाखवले: मी, बायको, मुलगी, तू, आबा.

तिने वहीतल्या पाचावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "तीन क्विंटल कसाले? आते खानारा एक माणूस कमी व्हयना ना."

मी पाचाचे चार केले. बारा घनफूट. पुन्हा भागलं. तीन फूट दहा इंच. कोठी बसत होती, आई राहणार होती. तिला तसं दाखवायला वही पुढे केली, आणि माझंच लक्ष खोडलेल्या पाचावर गेलं. आबा गेल्याचं मला तेव्हा, त्या उत्तराने कळलं.