उजव्या पायाचा जोर

तो वजनाचा काटा मी माझ्यासाठी मागवला होता. जालन्याला कॉलेजात गेल्यापासून माझं वजन वाढत गेलं. जिना चढताना धाप लागायची, आणि मागच्या बाकावरच्या मुली आपल्यावरच हसतायत असं उगाच वाटत राहायचं. त्याच सुमारास अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शुगर निघाली. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वजन उतरवा, रोज चाला, असं सांगितलं. मग आम्ही बापलेकीनं मिळूनच उतरवायचं ठरवलं.

काटा काचेचा होता, वर चार चकचकीत पट्ट्या. अनवाणी उभं राहिलं की एका पायातून दुसऱ्या पायात बारीकसा करंट जातो. तो जाणवत नाही, पण मोबाइलवर वजनासोबत चरबी किती, स्नायू किती, पाणी किती, सगळं येतं. काटा मी शहागडला घरीच ठेवला. शनिवारी एसटीनं यायची आणि रविवारी सकाळी चहाच्या आधी आमचं वजन व्हायचं. अण्णा ट्रक चालवायचे, जालन्याच्या कारखान्यांतून सळई भरून. रविवारी बहुतेक घरी असायचे.

पहिल्या दिवशी ते काट्यावर अगदी ताठ उभे राहिले.

"गाडीचा काटा करताना डायवरला खाली उतरवतेत," ते म्हणाले. "इथं मी कुठं उतरू?"

"गप उभं राहा, अण्णा. हललं की चुकतं."

"आन् ते वय काय दाखवून राह्यलंय?"

"शरीराचं वय. तुमचं पासष्ट म्हणतंय."

"मंग पेन्शन चालू करा म्हणाव त्याला!"

आत भाकरी थापणारी माय मोठ्यानं हसली.

माझं वजन कधी थोडं उतरायचं, कधी परत चढायचं. अण्णांचं मात्र भराभर उतरत होतं. रस्त्यावर लोक थांबवून म्हणायचे, "काय डायवर, जवान होऊन राह्यलात!" मला आनंद व्हायचा, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटायचा. संध्याकाळी मी जालन्याहून फोन करायची, "निघालात का चालायला?" ते गाडीवर असले तरी ढाब्यापाशी गाडी लावून चालायचे. घरी असले की गोदावरीच्या पुलापर्यंत जाऊन यायचे.

पुढे त्यांची चरबी येईना झाली. फक्त वजन यायचं, बाकीच्या ठिकाणी नुसत्या रेघा. माहितीपत्रकात लिहिलं होतं की तळवे फार कोरडे असतील तर ओल्या फडक्यानं पुसून घ्या. त्या रविवारी घरात कसला तरी वास येत होता. उंदीर मेला असेल म्हणून मायनं बाजेखालचे डबे सगळे बाहेर काढले होते.

मी ओलं फडकं घेऊन अण्णांच्या पुढ्यात बसले.

"आता लेकीकडून पाय पुसून घ्यायचे का? दे इकडं."

"तुम्ही बसा हो."

डावा पुसला. उजवा पुसताना फडकं कशाला तरी अडकलं. पाय वर उचलून पाहिलं. अंगठ्याच्या खाली एक भोक होतं, कडा काळ्या पडलेल्या. सळईचे गठ्ठे बांधतात त्या तारेचा एक वाकडा तुकडा आत रुतून बसला होता. फडक्याला घाण वास येत होता. माय जवळ आली, वाकली, आणि हातातला झाडू तिनं हळूच खाली ठेवला.

"अण्णा, दुखत नाही?"

"काय?"

त्यांनी पाय वळवून पाहायचा प्रयत्न केला. त्यांना दिसेना. मी मोबाइलवर फोटो काढून दाखवला. त्यांनी तो मोठा करून बराच वेळ पाहिला.

"हा माझा पाय हाय?"

संभाजीनगरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की शुगरमुळे पायातली जाणीव गेलीय, आणि हे वजन पथ्यानं उतरलेलं नाही. गोळ्या पुरल्या नव्हत्या, शुगर वाढत गेली होती आणि शरीर स्वतःलाच खात होतं. मग त्यांनी अण्णांना विचारलं, "या पायानं रोज चालत होता का?"

"न्हाई साहेब," अण्णा म्हणाले. "बिलकुल न्हाई. आमचं सगळं बसून काम."

मी शेजारीच उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

आधी अंगठा काढला. काळं पडणं थांबेना, म्हणून नंतर पुढचा अर्धा पाय. टाच राहिलीय, जखम भरली की खास बूट घालून चालता येईल, असं डॉक्टर समजावून सांगत होते. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"साहेब, ब्रेक उजव्या पायानं लागतो."

"ते नंतर बघू," डॉक्टर म्हणाले.

गाडीच्या मालकानं दुसरा डायवर ठेवला. तुम्ही बरे होईपर्यंतच, असं फोनवर म्हणाला. अण्णांनी ते आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितलं. काट्यावर मी तेव्हापासून उभी राहिले नाही. अण्णांनाही उभं करता येत नव्हतं. त्याला दोन्ही तळवे लागतात.

गेल्या रविवारी त्यांनीच मला हाक मारली. "बाई, तो काटा आण."

मी आणला. त्यांनी तो भिंतीला टेकवून उभा करायला लावला, खुर्ची पुढं ओढली आणि पट्टी बांधलेल्या उजव्या पायाची टाच काचेवर ठेवली.

"अण्णा, डॉक्टरांनी पायावर जोर द्यायचा नाही म्हणून सांगितलंय."

"तू आकडा सांग."

मान ताठ झाली, खुर्चीचे हात त्यांनी घट्ट धरले.

"नऊ," मी म्हणाले.

"बराबर बघ. मी लई दाबलंय."

"नऊच आहे, अण्णा."

मोबाइलवर विचारणा आली होती की घरात लहान बाळ आहे का, त्याचं वेगळं खातं उघडायचं का. मी मोबाइल पालथा ठेवला.

"मी किती दाबून राह्यलो ते मलाच कळंना," ते म्हणाले. "तू बोलत जा, थांबू नको."

"अकरा. दहा. तेरा."

"तेरा? रिकाम्या गाडीच्या ब्रेकला चालंल."

"रिकामी गाडी कोण द्यायलंय तुम्हाला?" माय आतून ओरडली. "टाके उसवतील तुमचे!"

पट्टीवर टाचेच्या वर, काचेकडच्या बाजूला, ओलसर डाग दिसायला लागला होता. मी तो पाहिला. अण्णांना तिथून दिसत नव्हता.

"धर ना नीट," ते म्हणाले. "सरकून राह्यलाय."

मी दोन्ही हातांनी काटा भिंतीला दाबून धरला.