बाळूच्या अंगातला स्वेटर

आमच्या अक्काच्या घरातून विस्कटलेल्या केसांनी कुणी बाहेर पडू शकत नसे. तुमच्या आजोबांची ही थोरली बहीण असोद्याला राहायची. मी लग्न होऊन आले तेव्हा इंग्रजी शिकलेली म्हणून सगळे माझ्याशी जरा दबकून वागत. अक्काने मात्र दारातच माझा पदर ओढून सरळ केला. "शिकलेली हाये, पन निऱ्या कोन पाहीन?"

तिचा धाकटा मुलगा बाळू. तुम्ही तिकडे ज्याला ऑटिझम म्हणता, तो शब्द तेव्हा आमच्यापैकी कुणी ऐकलासुद्धा नव्हता. बाळू कुणाच्या डोळ्यांत बघत नसे, सुतळीचा तुकडा बोटांत फिरवत बसे. अंगाला लोकर लागली की किंचाळत सुटे. गावच्या शाळेने त्याला घरी पाठवलं होतं. जळगावला मतिमंद मुलांची एक शाळा होती, तिथे राहण्या-जेवणाचा खर्चही सरकार देणार होतं. केळीच्या लहानशा बागेवर चालणाऱ्या घराला दुसरा मार्ग नव्हता. पण त्यासाठी सरकारी दवाखान्याचा दाखला हवा होता.

त्या दिवशी अक्काने बाळूला न्हाऊ घातलं, केसांना तेल लावलं, गालांना पावडर, अंगात नवा शर्ट. साहेबापुढे जायचं म्हणजे पोरगं देखणं दिसायला हवं, एवढंच तिला ठाऊक होतं. "नमस्कार साहेब" हेही तिने त्याच्याकडून घोटून घेतलं होतं. बाळूने ते भिंतीकडे बघून, पण खणखणीत म्हटलं. डॉक्टर म्हणाले, "चांगला आहे की मुलगा! लाड कमी करा." अक्काचा चेहरा क्षणभर फुलला. दाखला मिळाला नाही हे तिला दाराबाहेर आल्यावर उमगलं.

बाहेरचा शिपाई हसत होता. "अक्का, पार नवरदेव करून आणला तुम्ही! असा दाखवला तर दाखला कसा भेटंल?"

परतीच्या बसमध्ये तिने बाळूच्या गालांवरची पावडर पदराने पुसून टाकली. घराशी आल्यावर म्हणाली, "सुमन, चांगला दिसला म्हनून शाळा नाही. आता काय वाईट करून दाखवू त्याले?"

"दाखवावं लागेल, अक्का," मी म्हणाले. माझ्या सगळ्या शिक्षणातून एवढंच उत्तर निघालं.

दुसऱ्या खेपेला ऐन उन्हाळा होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात अक्काने पिशवीतून लोकरीचा स्वेटर काढला. बाळूने स्वेटरकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे. आई घालते आहे म्हणून त्याने निमूटपणे दोन्ही हात वर केले.

आत गेल्यावर तो फरशीवर पडून किंचाळत राहिला, डोकं आपटू लागला. कुणी काही विचारलं नाही. सही झाली, शिक्का बसला. अक्का छतावरच्या पंख्याकडे बघत उभी होती आणि मी फरशीकडे. आम्हाला एकमेकींकडे बघवेना.

शाळा मिळाली. चांगली होती, हे सांगायलाच हवं. बाळू तिथे आपल्या हाताने जेवू लागला, चित्रं काढू लागला. पण अक्काच्या हातून त्याने पुन्हा कधी अंगात कपडा घालून घेतला नाही. सुट्टीत तो घरी आला की ती शर्ट खाटेवर ठेवायची आणि ओसरीवर जाऊन थांबायची. बटणं वरखाली लागली असली तरी हात लावायची नाही. "मी फसवलं ना त्याले," एवढंच एकदा म्हणाली.

एका वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी तिच्यासोबत गेले. बाळूच्या शिक्षिका कौतुकाने सांगत होत्या, "आता आपले कपडे आपण घालतो हं, अक्का. कुणालाही मदत करू देत नाही."

अक्का म्हणाली, "शिकला नाही बाई तो. माझ्या हातचं नको त्याले."

बाईंना तो आईचा विनय वाटला. त्या हसल्या. त्यांच्याबरोबर मीही हसले.