सांडोरचं बावखल आणि पंधरा पांढरे कोट

मामीचा पाय मुरगळला आणि मी डॉक्टरांच्या बसमध्ये चढले! अजून हसू येतंय.

मामी सांडोरला आशाताई आहे, घरोघरी जाऊन आरोग्याचं बघते. मेडिकल कॉलेजची पंधरा मुलं गावातली घरं, पाणी, आजार बघून शिकायला येणार होती, तिने त्यांना फिरवायचं होतं. फोनवर म्हणाली, "मने, तूच ने. सगळ्या सुट्ट्या इथे काढल्यास, घरं पाठ आहेत तुला."

मी नववीत शाळा सोडली ती वर्गात उभं राहून वाचायच्या भीतीने. पण बसमध्ये बसायचं होतं ना!

सकाळी आठला बसने मला आमच्या जूचंद्रच्या नाक्यावर घेतलं. (तुम्ही जाणार असाल तर वसई स्टेशनच्या पश्चिमेहून शेअर रिक्षा मिळते. मोठी गाडी आणू नका, गल्ल्या अरुंद आहेत. आमच्या बसचा आरसा केळीच्या पानांत असा अडकला की दोन पोरांनी उतरून सोडवला.) वाडीत शिरलो आणि सगळे गार! दोन्हीकडे केळी, मधून पाट, मिरचीच्या रोपांचा वास.

मुलांबरोबर आलेल्या कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या, "आधी बघा, मग विचारा, मग लिहा."

त्यांच्यातल्या ईशानने आधी लिहिलं. बापूआजोबांच्या वाडीत बावखल आहे, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. त्याच्यावरच बाग जगते. याने काठावरूनच मोठ्याने वाचलं, "साचलेलं पाणी. डासांचा धोका. बुजवावं."

आजोबा हातातली कोयती खाली ठेवून म्हणाले, "लिहा डॉक्टर, लिहा. शेजारचं असंच गेलं. आधी कागद आला, मग डंपर. आता तिथे बिल्डिंग आहे. माझ्या केळींना काय सलाईन लावणार?"

कोणी हसलं नाही. आजोबा माझ्याकडे बघत होते. मला माहीत होतं ना! मी पुढे सरकले. आणि मग जूचंद्रचीच भाषा बाहेर पडली, "या पान्यात मच्छर नाय होत. गप्पी हायेत."

"काय आहेत?" ईशान.

मी त्याच्या हातातलं लांब दांड्याचं ओगराळं घेतलं, त्यांनी अळ्या शोधायलाच आणलेलं, आणि पाण्यात बुडवलं. वर आले चार बारके मासे, अळी एकही नाही. दहा ठिकाणी बुडवलं, तेच. "दर उन्हाळ्यात मामा आणि आम्ही पोरं लोट्यातून सोडतो," मी म्हणाले. "अळ्या खातात ते."

"मग गावात ताप कुठून येतो?" मॅडमनी मलाच विचारलं. मला!

"घरांत बघूया," मी म्हणाले, आणि पहिलं घर मामीचं. ईशानने फ्रिजमागचा पाणी साचतं तो ट्रे ओढला. अळ्याच अळ्या, वळवळ वळवळ! आख्ख्या गावाला ट्रे पुसायला सांगणारी माझी मामी पलंगावरून ओरडली, "अहो, फोटो नका काढू! पाय मुरगळलाय माझा!"

"मामी, पाय काल मुरगळला. या अळ्या आठवड्याच्या आहेत!" मी म्हणाले. पंधरा जण खो खो हसले, मॅडमसुद्धा. माझ्या बोलण्यावर लोक हसले आणि मला पळावंसं वाटलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

निघताना आजोबांनी सगळ्यांना सुकेळी वाटली. वाळवलेली राजेळी केळी, गोड, चिकट. सांडोरला गेलात तर विचारून घ्याच. ईशानने त्यांच्यासमोर 'बुजवावं' खोडलं आणि लिहिलं, 'गप्पी मासे आहेत. अळ्या नाहीत. राखावं.' आजोबांनी कागद हातात घेऊन दोनदा वाचला. मग ईशानला एक सुकेळं जास्त दिलं.

संध्याकाळी घरी आले. आई भाजी चिरत होती. "काय गं, तोंड उघडलंस का तिथे?"

"आई, उठ. फ्रिज पुढे ओढ."

"का?"

"आधी बघायचं, मग विचारायचं."

आईने सुरी खाली ठेवली. मग उठली, आणि आम्ही दोघींनी फ्रिज ओढला.